शेपूटबाई

सुनंदा शिगवणचा हात कायम गार असायचा. मे महिन्यात, भर दुपारी, आम्ही स्टाफरूममध्ये पंख्याखाली घाम गाळत पेपर तपासत बसलेल्या असलो की ही मागून यायची आणि हाताची पालथी बाजू गालाला लावायची. अंगावर सर्रकन काटा यायचा. मी ओरडायचे, "अगं, मेल्या माणसाचा हात आहे की काय हा!" ती म्हणायची, "मेल्या माणसाचा नाही, बर्फाचा आहे." आणि लाल झालेली बोटं पदराला पुसत आपल्या खुर्चीत जाऊन बसायची. आता ते माझं बोलणं आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवत होतो. मी भूगोल, ती जीवशास्त्र. देवरुखच्या वर डोंगरात तिचं गाव. बाप मुंबईत गिरणीकामगार. "पोरगी हुशार हाय तर शिकंल" एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाने तिला मुंबईच्या हॉस्टेलात ठेवलं. तिथे ती एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. पुढे बाप गेला, आईला अर्धांगवायू झाला आणि सुनंदा अर्धी पीएच.डी. काखोटीला मारून रत्नागिरीला आली. आमच्याच आळीत दोन खोल्या घेतल्या, आईला आणलं. धाकटा भाऊ अनंत मुंबईला एका कचेरीत चिकटला.

मुलं तिला शेपूटबाई म्हणत. समोर नाही अर्थात. पण तिला ठाऊक होतं, आणि मला तर वाटतं आवडतही होतं. त्या नावाचा जन्म झाला त्या तासाला मी शेजारच्या वर्गात पावसाळी वाऱ्यांवर घसा खरवडत होते. पलीकडे एवढा गोंधळ, की मी तणतणत तिच्या दाराशी गेले. पाहते तो काय, अख्खा वर्ग उभा! पुढे पाच मुलं पाट्या घेऊन ओळीत. पाट्यांवर एकेक शब्द. आई. बरी. नाही. लगेच. ये. फळ्याशी एक मुलगी हा निरोप वाचून सावकाश लिहून घेत होती, आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला एक दांडगट मुलगा एकेकाला दंडाला धरून बाहेर काढत होता.

"हा पेशीतला झाडूवाला," सुनंदा मला म्हणाली, जणू मी त्यासाठीच आले होते. "मूळ पोथी आत कुलपात असते. तिची नक्कल करून निरोप बाहेर पाठवतात. आणि बाहेर हा बसलेला असतो खायला. बघ आता."

झाडूवाल्याने आधी "ये" काढला, मग "लगेच", मग "नाही". फळ्यावरच्या मुलीचं लिहिणं तोवर दोनच शब्दांपर्यंत आलं होतं. फळ्यावर उरलं, 'आई बरी'. वर्ग खो खो हसला. सुनंदा हसली नाही.

"आता ज्यांना काही सांगायचं नाहीये त्यांनी मागे या," ती म्हणाली. मागच्या बाकांवरची सगळी नापास मंडळी आनंदाने उठली. तिने एकेकाच्या हातात 'अ' लिहिलेला कागद दिला आणि स्वतः त्यांना हाताला धरधरून "ये"च्या मागे जोडत गेली. अ, अ, अ, अ. ओळ दारातून बाहेर, व्हरांड्यात, माझ्या वर्गापर्यंत गेली. माझीही चार टाळकी तिच्यात सामील झाली. झाडूवाला बिचारा एकेक 'अ' काढत घामाघूम झाला. तो "ये"पर्यंत पोचेस्तोवर फळ्यावर निरोप पुरा उतरला होता.

"हे शेपूट," ती म्हणाली. "ते काही सांगत नाही. नुसता वेळ देतं. आणि हे जोडणारी जी मी, ते विकर. पॉली-ए पॉलिमरेज. आत्ता नुसतं ऐका, लिहून घेऊ नका."

विकर म्हणजे एन्झाइम. हे शेपूट जोडणारं विकर ती शोधत होती, आणि तेही कशात, तर मोड आलेल्या कुळथात! उगवू लागलेल्या बीमध्ये निरोपांची नुसती धावपळ असते म्हणे, म्हणून तिथे ते जास्त सापडतं. मुंबईला यासाठी अख्खी थंड खोली असते. इथे आमच्या कॉलेजात गॅसच्या टाकीशेजारची एक बोळवजा जागा. तिथे ती बर्फात बसवलेल्या खलात मोड वाटायची, फडक्यातून गाळायची, चिमटीचिमटीने क्षार टाकत साका खाली बसवायची. सगळं बर्फात. बर्फातून बाहेर काढलं की ते विकर निकामी होतं, मग गटारात ओतायचं नि पुन्हा कुळीथ भिजत घालायचे.

घरी तिची आई अंथरुणावरून कुरकुरायची, "बाय माजे, सगळे कुळीथ मोडाक घालतंस, पिठीक काय ऱ्हवायचा?" शिपायाला मात्र या संशोधनाबद्दल नितांत आदर होता, कारण वाटून उरलेल्या मोडांची उसळ दर वेळी स्टाफरूमला मिळायची. ओलं खोबरं, वर कोथिंबीर. आमच्या कॉलेजात विज्ञानाची गोडी लागली ती अशी.

बर्फ ती मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणायची. तिथल्या कारखान्यात हुसेनभाई म्हणून एक दांडगे गृहस्थ होते. लोखंडी आकड्याने लाद्या ओढत असायचे. मासळीच्या बर्फाला गिऱ्हाईक म्हणून सुती साडीतली बाई येते, याचं त्यांना सुरुवातीला हसू यायचं. "मॅडम, मासली कंची ठेवतांव?" असं विचारायचे. तिने त्यांना कुळथाचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी हसणं बंद केलं आणि भुसा लावलेली लादी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागले. ती लादी ठेवायला सुनंदाने आंब्याच्या खोक्यांच्या फळ्यांची एक मोठी पेटी करून घेतली होती. आतून पत्रा, मध्ये लाकडाचा भुसा. पेटी तिच्या पडवीत असे.

पण विकर खरंच मिळालं का, किती मिळालं, हे मोजायची सोय इथे नव्हती. ते काम मुंबईत, तिच्या मार्गदर्शकांच्या प्रयोगशाळेत. म्हणून माल तयार झाला की तो बारीक नळ्यांत भरायचा, नळ्या मोठ्या थर्मासात बर्फात बुडवायच्या, आणि थर्मास मांडीवर घेऊन रातराणी एस.टी.ने मुंबई गाठायची. थर्मास खाली ठेवायची नाही, शेजारच्याला धरायला द्यायची नाही. घाटात वळणं लागून लोक ओकत असत, ही आपली मुलाला घ्यावं तशी थर्मास घेऊन बसलेली.

सकाळी मुंबईच्या थांब्यावर अनंत उभा असे. तो एकदा गणपतीला आला तेव्हा मला सांगत होता, "बाई, ताई उतारली का पयला माज्याकडं बगीत नाय. कसा हायस नाय, काय नाय. झाकण काढतेय, पालता हात बर्फाला लावतेय, नि मना म्हंतेय, थंड हाय अजून. मंग हसतेय." कॉलेजात पुस्तकी मराठी बोलणारी सुनंदा भावाशी आणि आईशी अशी घरची भाषा बोलायची. ती ऐकायला मला फार आवडे.

वर्षं चालली होती. कधी वीज जायची, कधी बस बंद पडायची. कधी माल मुंबईपर्यंत पोचायचा पण मोजमापात काही उतरायचं नाही. तिचे मार्गदर्शक जूनअखेर निवृत्त होणार होते आणि विद्यापीठाने शेवटची मुदत तेवढीच दिली होती. बाकी प्रबंध लिहून तयार. एकच मोजमाप राहिलं होतं. आधीचा चांगला निकाल पुन्हा एकदा तसाच यायला हवा, की झालं. मे महिन्यात तिने शेवटचे कुळीथ भिजत घातले. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि बर्फाचा कारखानाही बंद होतो, तो पुढे नारळी पुनवेलाच उघडतो. म्हणजे हीच खेप. तिलाही माहीत, मलाही माहीत, शिपायालाही माहीत. उसळ मागायलासुद्धा तो आला नाही.

माल असा उतरला की ती बोळातून बाहेर आली तीच मुळी नाचत. माझ्या दोन्ही गालांना दोन गार हात. "शैला, असा कधीच आला नव्हता गं!" संध्याकाळची बस होती. दुपारी ती आईचं आवरायला घरी गेली आणि मीही तिच्याबरोबर निघाले.

आळीत शिरलो तर पारूकाकीच्या दाराशी माणसं. पारूकाकी म्हणजे तिच्या समोरच्या घरातली म्हातारी, एकटीच राहायची. तासाभरापूर्वी गेली होती. मुलगा दत्ताराम मुंबईत गिरणीत. त्याला ट्रंककॉल लागला होता, तो रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचणार. आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईला, त्यामुळे मुंबईचा पोरगा तोंड बघेपर्यंत माती थांबवायची ही रीतच. पण मे महिन्यात थांबवायची म्हणजे बर्फ हवा. आणि कारखान्याचं यंत्र नेमकं सकाळी बंद पडलं होतं, होता तो बर्फ होड्यांनी उचलला होता. बर्फ मागायला गेलेल्या पोरांना हुसेनभाईंनी रिकाम्या हातांनी परत पाठवलं होतं.

कोणी सुनंदाकडे मागितलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. आळीतल्या सगळ्यांना तिची पेटी ठाऊक होती आणि ती कशासाठी आहे हेही थोडंफार ठाऊक होतं. आळीतले एक वयस्कर अप्पा तिच्या अंगणात आले, पेटीकडे न बघता उभे राहिले आणि म्हणाले, "उन्हाळा भारी हाय बाय यंदा." एवढंच. सुनंदाने पेटीचं झाकण उघडलं. थर्मासात मावेल तेवढा बर्फ फोडून घेतला, नळ्या त्यात बुडवल्या आणि बाकी लाद्या पोरांना न्यायला सांगितल्या. मी मनात म्हटलं, चला, निदान थर्मासापुरतं तरी डोकं ठिकाणावर आहे बाईचं.

संध्याकाळी ती साडी बदलून, खांद्याला पिशवी आणि कडेवर थर्मास घेऊन निघाली. जाता जाता पारूकाकीला नमस्कार करायला आत गेली. मी मागे. खोलीत बायका वारा घालत होत्या. पत्र्याचं घर, दिवसभराचं ऊन पत्र्यात साठलेलं. लाद्यांचं पाणी होऊन शेणाच्या जमिनीत चिखल झाला होता. छातीशी, पायाशी बर्फ होता, पण तोंडाशी ठेवलेला विरघळून गेला होता. सुनंदा वाकली, पालथा हात म्हातारीच्या कपाळाला लावला आणि तशीच खाली बसली.

"सुनंदा, बस सुटेल," मी म्हटलं.

तिने थर्मासाचं झाकण काढलं. नळ्या एकेक करून बाहेर घेतल्या, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवल्या. मग थर्मास तिरका करून सगळा बर्फ पारूकाकीच्या तोंडाभोवती, मानेखाली, कानांशी हाताने नीट लावला. वरून ओलं फडकं घातलं.

"अगं, काय करतेस! ते सगळं—"

"पुन्हा करता येईल," ती म्हणाली.

येणार नव्हतं. ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं? मला तिचा इतका राग आला, की मी तिथून उठून घरी आले आणि चहा ठेवला नि तो उतू घालवला. सकाळी दत्ताराम आला. आईचं तोंड बघून त्याने जो टाहो फोडला, तो आमच्या घरापर्यंत ऐकू आला. सुनंदा तेव्हा विहिरीवर थर्मास विसळत होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मूठभर बर्फाने काय होणार होतं? पारूकाकी काय जिवंत होणार होती?" तिने थर्मास उपडा घातला. मग म्हणाली, "माझा बापूस रजेवर गावी आला नि तिथेच गेला, तेव्हा मी मुंबईला होते. हॉस्टेलवर तार आली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावी पोचले. पोचले तर अंगणात नुसतीच राख पडलेली, कसली तरी. लोक म्हणाले, उन्हाळा होता, थांबवता आलं नाय, तोंड बिघडत चालल्यालं. शैला, मला अजून वाटतं, तो मुंबईतच गिरणीत पाळीला गेलाय. मी तोंडच बघितलं नाही ना. मग तो गेला हे मला कळणार कसं?" मी तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडले आणि ती माझ्या पाठीवरून तो मेला गार हात फिरवत बसली.

जून संपला. मार्गदर्शक निवृत्त झाले, मुदत गेली, प्रबंध कपाटात गेला. मी विद्यापीठाला, नशिबाला, सगळ्यांना शिव्या घालून पाहिल्या. ती कशातच सामील झाली नाही. शिकवत राहिली. दर वर्षी पाट्या घेऊन मुलांना उभं करायची आणि मागच्या बाकांवरच्यांना शेपूट व्हायला बोलवायची. बोळात मात्र पुन्हा गेली नाही. उन्हाळ्यात कधी तिच्या घरी कुळथाची उसळ असायची, तेव्हा आम्ही दोघी मुकाट्याने खायचो. मला तो घास गिळताना जड जायचा. तिला जात नसेल का?

पेटी तेवढी राहिली. आळीत, पुढे पुढे आळीबाहेरही, कोणाचं माणूस गेलं आणि मुंबईहून कोणी यायचं असलं, की लोक पेटी न्यायला यायचे. सोबत सुनंदा जायची. बर्फ कुठे लावायचा, भुसा कसा घालायचा, पाणी कसं काढायचं हे तीच बघायची. तिची आई गेली तेव्हाही अनंत येईस्तोवर तिनेच सगळं केलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हात बर्फ लावताहेत, अशी ती मला दिसते.

गिरण्या बंद पडल्यावर दत्ताराम मुंबईहून कायमचा परतला आणि रत्नागिरीत रिक्षा चालवू लागला. सुनंदाला तो कधीच पैसे घेऊन बसवायचा नाही, म्हणून ती त्याला बघितलं की दुसऱ्या रस्त्याने चालत जायची.

त्यानंतरच्या एका आषाढात तिला कावीळ झाली. आधी सगळ्यांसारखीच वाटली. मुळ्याचा रस, उसाचा रस, गावठी औषध. मग ती वेड्यासारखं बरळू लागली तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या प्रहरी मी तिचा हात धरून बसले होते. तो हात कढत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी सुनंदाचा हात कढत पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

अनंतला फोन लागला. तो निघाला, पण पावसाने घाटात दरड आलेली, गाड्या अडकून पडलेल्या. तो कधी पोचेल, कोणी सांगू शकेना. आणि पावसाळा म्हणून होड्या किनाऱ्यावर, कारखान्याला कुलूप. आम्ही तिची पेटी उघडली. आत भुशाचा वास आणि एक कोरडं फडकं. तिने सगळ्यांना थांबवलं होतं, आणि तिलाच थांबवायला रत्नागिरीत बर्फ नव्हता. मी त्या पेटीवर बसून म्हटलं, आता नेऊया, अनंतला काय सांगायचं ते मी सांगेन.

"नाय," दत्ताराम म्हणाला. "बाई, मी माज्या आवशीचा तोंड बगितलाय."

तो रिक्षा घेऊन गेला. परत आला तो मागच्या सीटवर हुसेनभाई आणि त्यांच्या मांडीवर एक पातेलं. मोहल्ल्यात आखातातल्या मुलांनी पाठवलेले फ्रिज होते, तिथून ट्रे उपडे करून आणलेले बर्फाचे तुकडे. सरबतात घालतो तेवढाले. मला वाटलं, एवढ्याने काय होणार? ते तिच्या तोंडाशी लावतोय तोवर कॉलेजची एक मुलगी छत्रीखाली स्टीलचा डबा घेऊन आली. मग एक मुलगा. मग डॉक्टरांकडची मोलकरीण. मग बागायतदारांच्या घरून दुधाची किटली. ज्या मुलांच्या घरी फ्रिज नव्हता ती मुलं फ्रिजवाल्यांची दारं वाजवत होती. दत्तारामची रिक्षा पावसातून फेऱ्या घालत होती. एका बाजूने बर्फ वितळत होता, दुसऱ्या बाजूने कोणीतरी मूठभर आणून लावत होतं. कोणी काही बोलत नव्हतं. बोलण्यासारखं कोणाकडे काही नव्हतंच. ओल्या कपड्यांतली पोरं दारातून बाहेर, पडवीत, पार रस्त्यापर्यंत ओळीने उभी होती आणि डबे हातोहात पुढे येत होते. त्यात तिचे ते मागच्या बाकावरचे सगळे होते. मी ती ओळ ओळखली.

मध्येच वीज गेली, पुष्कळ वेळ आली नाही. फ्रिजमधला बर्फही सरत आला. तरी ओळ मोडली नाही. रिकामे डबे घेऊन पोरं उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी अनंत आला. घाटात दरड चालत ओलांडून, पलीकडे मिळेल त्या गाडीने. गुडघ्यापर्यंत लाल चिखल, चेहरा सुकलेला. पोरांनी वाट दिली.

तिचा चेहरा शांत, स्वच्छ होता. कपाळावर पाण्याचे थेंब आणि एक बट चिकटलेली, बोळात मोड वाटताना असायची तशी. उशाशी बर्फाचे शेवटचे चार तुकडे उरले होते. अनंत तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. मग त्याने हाताची पालथी बाजू तिच्या गालाला लावली.

"थंड हाय अजून, ताई," तो म्हणाला.